टायर मोठा, उंची बोटभर

पहाटे चारच्या सुमाराला आमच्या उपनगरांत जी पहिली घरघर ऐकू येते, ती बहुतेक वेळा पिकअपची असते. वाशीच्या घाऊक बाजारात भाजी भरायची, ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडला यायचं, मग भांडुप, घाटकोपर करत माल उतरवायचा. आपला पहिला कुकर होईपर्यंत गाडी रिकामी! तिकडे अंधेरी-बोरिवलीच्या बाजूलाही हेच. आपल्या घरातली मेथी, दारातला सिलिंडर, लग्नातल्या खुर्च्या आणि गणपतीची मूर्तीसुद्धा अशाच कुठल्या तरी गाडीच्या चार टायरांवरून आलेली असते.

आपण या सगळ्या गाड्यांना सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो. हा शब्दही तसा उपनगरातलाच म्हणायला हवा. जर्मनीच्या टेम्पो गाड्यांचं तंत्र घेऊन १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी निघाली आणि तिची तीनचाकी सुरुवातीला आपल्या गोरेगावात तयार होत असे. आकुर्डीचा कारखाना नंतरचा. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, शब्द मात्र आपल्या तोंडी राहून गेला. त्याच २००५ सालात टाटांचा ‘छोटा हत्ती’ आला, बारा इंची इवल्याशा चाकांचा. महिंद्राच्या पिकअप तर आता गल्लोगल्ली दिसतात. नारायणगावचा टोमॅटो असो की लासलगावचा कांदा, तुमच्याकडेही याच गाड्या धावत असतील.

हल्ली या गाड्यांच्या बाबतीत एक नवी हौस निघाली आहे. गाडीला आहेत त्यापेक्षा मोठे टायर बसवायचे! ‘फार काही करावं लागत नाही हो, थोडं इकडचं तिकडे केलं की बसतात,’ असं सांगणारे खूप भेटतात. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात. टायरांचा विषय बायकांच्या पानावर कशाला, असं कुणाला वाटेल. पण गाडीच्या कर्जावर सही कुणाची असते? कित्येक घरांत गाडीच बाईच्या नावावर घेतलेली असते, नाहीतर जामीनदार म्हणून तरी तिची सही असतेच. हप्ता थकला की बँकेचा फोन तिला येतो. आणि रात्री गाडी वेळेवर परतली नाही की खिडकीपाशी जागत कोण बसतं, हे काय सांगायला हवं?

मी ज्या बचत गटांबरोबर काम करते, त्यातल्या एका गटात गेल्या पावसाळ्याआधी एक ताई कर्ज मागायला उभ्या राहिल्या. रक्कम चाळीस हजार. कारण, ‘गाडीचे टायर मोठे करायचे.’ आमच्या गटात मुलीची फी, शिलाई मशीन, घराचे पत्रे, दवाखाना अशी कारणं नेहमीची. हे कारण ऐकून सगळ्या जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने विचारलं, “आहेत ते फाटलेत का?” तर ताई म्हणाल्या, “झिजलेत, बदलायचेच आहेत. पण ह्यांचं म्हणणं, बदलायचेच तर मोठेच टाकू.” घरधनी स्वतः गाडी चालवतात, भाजीची वाहतूक करतात. निर्व्यसनी, कष्टाळू माणूस. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्यांची कारणं तीन होती. खड्ड्यांत आणि गतिरोधकावर गाडी खालून घासते. पावसात पाणी साचतं, तेव्हा गाडी उंच असलेली बरी. आणि टायर मोठे असले की माल जास्त घेता येईल.

गटाने ठरवलं की आधी चौकशी करू आणि मग बोलू. म्हणून ताई, त्यांचे यजमान आणि मी असे तिघे एका टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार वयस्कर होते. विकायची घाई नसलेला माणूस भेटला, हे आमचं नशीब. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “गाडी कामाची आहे की शौकाची?”

मला वाटतं, अर्धा विषय या एका प्रश्नातच आला. मोठ्या टायरांची ही हौस मुळात अमेरिकेतली. तिथे पिकअप ही कित्येक घरांत रोजची गाडी असते. माणूस एकटा बसून ऑफिसला जातो, सुटीत डोंगरात नाहीतर वाळूत हिंडायला जातो. मागचा हौदा बहुतेक वेळ रिकामा. त्यांनी टायर मोठे केले, गाडी वर उचलली, तर त्यांचं फारसं बिघडत नाही. मोबाइलवरचा सल्ला हा असा रिकाम्या गाडीचा असतो. आपली गाडी मात्र गळ्यापर्यंत भरलेली. ज्या साडीत लग्नाला मिरवायचं, ती नेसून कुणी धुणं धुवायला बसत नाही.

तर आता टायरच्या मापाकडे येऊ. टायरच्या बाजूवर आकडे कोरलेले असतात. ताईंच्या गाडीचं माप होतं १९५/८० आर १५. वाचायला अगदी सोपं आहे. १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे रबराच्या बाजूची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे आतली लोखंडी रिम पंधरा इंचांची. स्वेटरचे टाके मोजणाऱ्या बाईला हा हिशोब काहीच अवघड नाही. १९५ चे ऐंशी टक्के १५६. वरची बाजू आणि खालची बाजू मिळून ३१२. रिमचे पंधरा इंच म्हणजे ३८१. बेरीज ६९३ मिलिमीटर, ही चाकाची एकूण उंची.

यजमानांच्या मनात होता २३५/७५ आर १५, जीपसारख्या गाड्यांना शोभणारा रुंद टायर. त्याचा हिशोब त्याच रीतीने केला तर ७३३.५ मिलिमीटर. म्हणजे चाक चाळीस मिलिमीटरने उंच झालं. यजमान म्हणाले, “बघा, चार सेंटिमीटर!” दुकानदार हसले. चाक चार सेंटिमीटर वाढलं, पण गाडीचा आस चाकाच्या मधोमध असतो. त्याच्या वाट्याला निम्मंच येतं. म्हणजे गाडी वर गेली ती फक्त दोन सेंटिमीटर. त्यांनी आपलं बोट आडवं धरून दाखवलं. “एवढी.”

ताईंनी तेव्हाच माझ्याकडे पाहिलं. चाळीस हजारांत बोटभर उंची!

तरी दुकानदारांनी यजमानांची बाजूही नीट समजावून सांगितली, हे मला आवडलं. भरलेली पिकअप खड्ड्यात घासते ती बहुधा मागच्या आसाच्या मधल्या लोखंडी गोळ्यापाशी. त्याला डिफरन्शियल म्हणतात. काही लोक मागे जादा पाटे टाकून गाडी उचलतात. त्याने हौदा वर जातो, पण तो गोळा आसावरच असल्यामुळे होता तिथेच राहतो. त्याला वर उचलायचं तर चाक मोठं करण्यावाचून दुसरा उपाय नाही. म्हणजे ‘टायर मोठे केले की घासणं कमी होतं’ हे काही खोटं नाही. फक्त किती कमी होतं आणि त्याची किंमत काय, एवढाच प्रश्न.

आणि इथेच त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मी अजून दहा जणींना सांगितली असेल. टायरमध्ये हवा कमी असली की भरलेल्या गाडीत टायर दबतो आणि आस खाली येतो. हवा बरीच कमी असेल तर सेंटिमीटरभर उंची सहज जाते. म्हणजे ज्या बोटभर उंचीसाठी आपण कर्ज काढायला निघालो, त्यातली निम्मी आपण आळसापायी आधीच घालवलेली असते! त्यांनी लगेच आमच्या गाडीची हवा मोजली. मागच्या दोन्ही टायरांत हवा कमी होतीच, त्यातही डावीकडे जास्तच कमी. यजमान जरा ओशाळले. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते. पण पहाटेच्या घाईत, मागे रांग लागलेली असताना, कोण उतरून बघणार? कंपनीने किती हवा सांगितली आहे, ते दाराच्या चौकटीजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पुढची वेगळी, मागची वेगळी, आणि भरलेल्या गाडीची वेगळी. हवा मोजायची ती टायर थंड असताना. गाडी चालून टायर तापले की आकडा जास्त दिसतो आणि माणूस फसतो.

आता पाण्याचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या रात्री रस्त्यांवर ट्रकसुद्धा बुडाले होते, तिथे दोन सेंटिमीटरची काय कथा? दरवर्षीच्या साध्या पावसातही अंधेरीचा सबवे भरतो, एलबीएस रोडवर कुर्ला-घाटकोपरच्या पट्ट्यात पाणी तुंबतं. पाण्यात गाडी खरी बंद पडते ती इंजिनाची हवा ओढण्याची जागा पाण्याखाली गेली की. इंजिनात पाणी शिरलं तर दुरुस्तीचा खर्च टायरांच्या कितीतरी पट. ती जागा बोटभर वर गेल्याने तुंबलेलं पाणी काही ओसरत नाही. उलट, ‘आता आपली गाडी उंच आहे’ म्हणून माणूस जिथे थांबला असता तिथे गाडी घालतो. ही खोटी हिंमत मला टायरांपेक्षा जास्त घातक वाटते.

तिसरं कारण मालाचं. यात बहुतेक सगळेच फसतात. मोठा टायर म्हणजे मजबूत टायर, असं आपल्याला वाटतं. मोठं पातेलं म्हणजे जाड बुडाचं पातेलं, असं असतं का? टायर किती वजन पेलतो ते मापावर ठरत नाही, त्याचा वेगळा आकडा मापाच्या पुढेच छापलेला असतो. १०० लिहिलं असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो. १०५ म्हणजे ९२५ किलो, १०६ म्हणजे ९५० आणि ११२ म्हणजे ११२०. ताईंच्या जुन्या, अरुंद, दिसायला गरीब टायरवर १०६ होतं. नव्या, रुंद, रुबाबदार टायरवर १०५! म्हणजे चाळीस हजार खर्चून प्रत्येक चाकाची ताकद पंचवीस किलोने कमीच होणार होती. जुना टायर मालवाहू गाडीसाठी जाड थरांचा बनवलेला. त्याच्यावर ‘एलटी’ ही इंग्रजी अक्षरं असतात आणि प्लाय किती ते लिहिलेलं असतं. त्यात हवाही जास्त दाबाची भरता येते. रुंद टायर माणसं वाहणाऱ्या गाडीचा. तो आरामासाठी मऊ ठेवलेला. त्यात भाजीच्या गोण्या रचल्या की बाजू फुगतात, तापतात आणि मे महिन्याच्या दुपारी हायवेवर फुटतात. भरलेल्या गाडीचा पुढचा टायर फुटला तर काय होतं, ते इथे लिहीत नाही.

शिवाय गाडी किती माल नेऊ शकते, हे टायर बदलून बदलतच नाही. तो आकडा आरसी बुकात असतो. पाटे, आस, ब्रेक, चेसिस या सगळ्यांचा मिळून तो ठरलेला असतो. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने जादा माल भरण्याचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा केला आहे. महिनाभराची कमाई एका फेरीत जाऊ शकते.

मग ‘फार काही करावं लागत नाही’ या बोलण्याचं काय? बसतात का मोठे टायर? बसतात, हो. जॅक लावून, नट आवळून, उभ्या गाडीला पुष्कळ काही बसतं. खरी परीक्षा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर होते. पुढचं चाक तेव्हा आत पाट्याला, चेसिसला किंवा मडगार्डच्या कडेला घासतं. रिकाम्या गाडीत घासलं नाही तरी भरलेल्या गाडीत, एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर असताना घासतं. मग सुरू होते एकातून एक निघणारी मालिका. मडफ्लॅप कापा. तेवढ्याने भागलं नाही तर मडगार्डची कड वाकवा. आतून घासतंय? मग रिम आणि आस यांच्यामध्ये चकती टाकून चाक बाहेर ढकला. त्या चकतीने चाकाच्या बोल्टवर आणि बेअरिंगवर ताण वाढतो. शिवाय २३५ च्या टायरला साधारण सहा इंच तरी रुंद रिम लागते, आणि पिकअपची मूळ रिम बहुधा त्याहून अरुंद असते. म्हणून रिमाही नव्या. चाळीस हजार कुठून आले ते तेव्हा कळलं. घरात एक कपाट मोठं आणलं की दार उघडत नाही, म्हणून पलंग सरकवावा लागतो आणि पलंग सरकवला की खिडकी अडते, तसलाच प्रकार!

आणखी एक गोष्ट आहे, ती हिशोब ठेवणाऱ्या बायकांनी लक्ष देऊन वाचावी. गाडीचा मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक मोठं झालं तर एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, पण मीटरला ते कळत नाही. वरच्या मापात हा फरक जवळजवळ सहा टक्क्यांचा आहे. मीटरवर साठचा वेग दिसेल तेव्हा गाडी साडेत्रेसष्टने धावत असेल. आणि गाडी खरोखर हजार किलोमीटर चालली, तर मीटरवर ९४५ च दिसतील. आमच्या ताई डिझेलची वही ठेवतात. लिटरमागे किती किलोमीटर पडले ते दर आठवड्याला मांडतात. समजा, गाडी खरोखर लिटरला चौदा देत असेल, तरी वहीत सव्वातेराच दिसणार. मग घरात वाद, डिझेल कुठे गेलं! भाडं किलोमीटरवर ठरलेलं असेल तर सरळ तोटाच. त्यातून रुंद टायरची रस्त्याशी घासट जास्त, त्यामुळे डिझेल खरंही थोडं जास्त जातं.

ब्रेकचंही तसंच. मोठं चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो आणि ओढायला इंजिनाला. मुलुंडच्या सपाट रस्त्यावर हे जाणवणार नाही. पण बोरिवलीकडून घोडबंदर रोडने ठाण्याला भरलेली गाडी न्या, गायमुखच्या घाटात पहिल्या गिअरलाही गाडी कुरकुरते, क्लच जळाल्याचा वास येतो. तुमच्याकडे तर खरे घाट आहेत. कोकणात माल उतरवणाऱ्या गाड्यांनी या बाबतीत जास्तच जपायला हवं.

कायद्याबद्दल बायकांच्या मनात उगाच एक भीती असते, आणि पुरुषांच्या मनात उगाच एक बेफिकिरी! ‘आरटीओवाला टायर मोजतो का?’ असं विचारणारे भेटतात. मालवाहू गाडीची नोंदणी होते तेव्हाच अर्जात कुठल्या आसाला किती टायर, कोणत्या मापाचे, किती प्लायचे, ते कंपनीने जाहीर केल्याप्रमाणे लिहावं लागतं. अंधेरी असो, बोरिवली असो की आमचं वडाळा आरटीओ, पासिंगला गाडी उभी राहते तेव्हा ही माहिती सरकारकडे असतेच. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग असतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या कायद्यातल्या दुरुस्तीत परवानगी नसलेल्या बदलाबद्दल मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मालकाला, बरं का! ड्रायव्हरला नव्हे. आरसी बुकावर तुमचं नाव असेल तर ते तुम्ही. आणि अपघात झालाच तर विमा कंपनीचा माणूस आधी गाडीचे फोटो काढतो, तेव्हा टायरचं मापही त्यात येतं. नको तो वाद आपण का ओढवून घ्यायचा?

तरीसुद्धा एखाद्या गाडीला थोडा मोठा टायर खरोखरच चालतो. ते कधी, हेही दुकानदारांनी सांगितलं. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीच जर पुढचं माप देत असेल, आणि रिम तीच असेल, तर तो टायर विचारात घ्यायचा. १९५/८० च्या जागी २१५/७५ घेतला तर चाकाची उंची ७०३.५ होते. म्हणजे दीड टक्का वाढ. मीटरमध्ये किरकोळ फरक, घासण्याची शक्यता कमी. चाकाच्या उंचीतला फरक तीन टक्क्यांच्या आत राहावा, असा कारागिरांचा अंदाज असतो. पण वजनाचा आकडा जुन्याइतका किंवा जास्तच हवा, ‘एलटी’ हवा, आणि बदलायचे तर सगळे टायर बदलायचे. एका आसावर दोन मापं कधीही नकोत. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यायचं, आणि गाडी भरून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, एकदा गतिरोधकावरून नेऊन बघायची. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्यायचं आणि विमा कंपनीला कळवायचं. एवढं करून उंची किती मिळाली? पाच मिलिमीटर. हातातल्या काचेच्या दोन बांगड्यांइतकी!

हे ऐकून यजमान स्वतःच हसायला लागले. म्हणाले, “मग राहू द्या, आहे तेच माप द्या.” माझ्या मते त्या दिवशी त्यांनी खरा शहाणपणा केला. कारण दुकानात, दोन बायकांसमोर, मनात धरलेली गोष्ट सोडून देणं पुरुषांना सोपं नसतं. ताईंनी गटाकडून निम्म्याहून थोडीच जास्त रक्कम उचलली. त्याच मापाचे, मालवाहू गाडीचे चार नवे टायर आले आणि वर अलाइनमेंट झालं. हप्ता लहान झाला, त्यामुळे गटातल्या दुसऱ्या एकीच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीचं कर्जही त्याच महिन्यात देता आलं. हा फायदा दुकानात कुणाच्याच हिशोबात नव्हता.

नवे टायर घेताना ताईंनी आणखी एक गोष्ट बघितली. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात टायर बनला. गोदामात वर्षानुवर्षं पडलेलं रबर आतून कडक होतं, वरून नवंच दिसतं. औषधाच्या पाकिटावरची तारीख आपण बघतो ना, तशीच ही बघायची. आणि टायर झिजला की नाही, ते कळायला खाचांमध्ये मध्ये मध्ये रबराच्या छोट्या उंच पट्ट्या ठेवलेल्या असतात. वरचं रबर त्या पट्टीला टेकलं की टायर संपला. नियमाने चारचाकी गाडीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. पावसात तर त्याआधीच बदललेला बरा.

खड्ड्यांचा प्रश्न मात्र टायरने सुटत नाही, तो तसाच आहे. मुंबईत २०२३ पासून रस्ते सिमेंटचे करण्याचं मोठं काम हाती घेतलं गेलं. पण एक रस्ता झाला की दुसरा खणलेला, आणि जुन्या-नव्या रस्त्याच्या सांध्यात पायरीएवढी उंची. भरलेली गाडी तिथे आदळतेच. आमच्या गटातल्या बायकांनी यावर वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला, कारण टायर आणि पाटे कुणाच्या पैशाने बदलतात, हे आता त्यांना आकड्यासकट माहीत आहे. अर्जासोबत त्यांनी वाकलेल्या रिमचा फोटो आणि दुरुस्तीच्या पावत्या जोडल्या. दोन सांधे भरले गेले, बाकीचे राहिले आहेत.

ताईंकडे आता हवा मोजायचं एक छोटं मीटर आहे. दर सोमवारी सकाळी गाडी बाजाराला निघण्याआधी त्या स्वतः पाचही टायर मोजतात. पाचवी स्टेपनी, जी सगळे विसरतात! आकडे डिझेलच्या वहीत मागच्या पानावर लिहितात. सासूबाईंना सुरुवातीला हे जरा विचित्र वाटलं. आता त्याच वरून हाक मारून विचारतात, “मागचा डावा आज किती?”